आठवण सांगावी लागते



आज एका वेगळ्या चित्रपटाविषयी बोलायचं आहे. त्यात नायक नाही, नायिका नाही, सलग गोष्टही नाही. आपण ललितलेख वाचतो ना, तसा हा पडद्यावरचा ललितलेखच म्हणा. नाव 'साँ सोलेय', म्हणजे 'सूर्याविना'. फ्रान्सच्या क्रिस मार्कर यांचा हा चित्रपट १९८३ सालचा.

चित्रपटभर एका बाईचा आवाज ऐकू येतो. देशोदेशी हिंडणाऱ्या एका कॅमेरामननं तिला पत्रं पाठवली आहेत आणि ती त्यांतला मजकूर आपल्याला सांगते. हा पत्रं लिहिणारा काल्पनिक आहे, पण रस्त्यांवर, बाजारांत दिसणारी माणसं खरी आहेत.

टोकियोतल्या मांजरांच्या देवळात एक जोडपं येतं. त्यांची तोरा नावाची मांजर हरवली आहे, तिच्यासाठी ते प्रार्थना करतात. आफ्रिकेतल्या बाजारात एक बाई क्षणभर थेट कॅमेऱ्यात बघते, फिल्मच्या एकाच चौकटीपुरती, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. एवढंसं बघणं, पण विसरता येत नाही.

सुरुवातीलाच आइसलँडमधली तीन मुलं रस्त्यानं चालताना दिसतात. साल १९६५. कॅमेरामनला ते सुखाचं चित्र वाटतं. शेवटाकडे ती मुलं पुन्हा दिसतात आणि पाठोपाठ त्याच गावातली घरं काळ्या राखेत बुडालेली दिसतात. जानेवारी १९७३मध्ये तिथल्या हेमाए बेटावर ज्वालामुखी फुटला आणि रातोरात लोकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. मुलांचं चित्र तेच असतं, पण आता ते बघताना गळा दाटून येतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्धा चित्रपट मला कळलाच नाही. तरी रात्री झोप येईना. मग मी फोन उघडला. त्यात आईचा एक व्हिडिओ आहे, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचा. आई आता नाही. व्हिडिओत ती माझ्याकडे वळून काहीतरी बोलते, पण वाऱ्यामुळे ऐकूच येत नाही. गेल्यापासून मी तो बघायचं टाळत होते.

सकाळी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, चप्पल सांभाळ, लाट येतेय, असं म्हणाली होती ती!" आम्ही दोघी हसलो, मग रडलो, मग तासभर बोलत बसलो.

तेव्हा मला त्या चित्रपटातल्या बाईच्या आवाजाचं मोल कळलं. कॅमेरा चित्र जपून ठेवतो. त्याची आठवण व्हायला मात्र कुणीतरी सांगणारं आणि कुणीतरी ऐकणारं लागतं.

तुमच्याही फोनमध्ये सहलींचे, यात्रांचे कितीतरी व्हिडिओ पडून असतील. आज त्यातला एकच उघडा. जवळ बसेल त्याला सांगा, हे कुठलं, सोबत कोण होतं, तेव्हा काय झालं होतं. आणि ऐकू न येणारं कुणाला आठवतंय का, तेही विचारा.