शेड आणि शॅडो

इंग्रजीतल्या ‘शेड’ आणि ‘शॅडो’ या दोन्ही शब्दांना मराठीत ‘सावली’ सहज चालते, म्हणूनच त्यांची गल्लत होते. ऊन अडल्यामुळे जिथे गारवा मिळतो, ती शेड. वडाखाली टेकलेला वाटसरू शेडमध्ये बसलेला असतो. वस्तूने प्रकाश अडवल्यावर तिच्या आकाराची जी काळी आकृती उमटते, ती शॅडो. कंदिलासमोर बोटे जुळवून भिंतीवर केलेला ससा ही शॅडोच. मराठी ‘पडछाया’ तिच्या अगदी जवळची.

मे महिन्यात महाराष्ट्रात अनुभवता येणाऱ्या शून्य सावली दिवसाच्या इंग्रजी नावातही शॅडोच आहे. भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लपते; झाडाखालचा गारवा, म्हणजे शेड, मात्र तेव्हाही असतोच. फरक इतका लख्ख दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतल्या एकाच नामाच्या निरनिराळ्या विभक्तिरूपांतून आले. रंगाच्या छटेलाही शेडच म्हणतात. पत्र्याची शेड हा मात्र वेगळा शब्द असून इंग्रजीत त्यातला ‘शे’ आखूड उच्चारतात.