पंखा फिरतोय, पण पडदा काळाच

मागच्या वेळी आपण बँकेच्या कर्ज प्रस्तावाला कोणकोणते कागद लागतात ते बोललो होतो. आज त्याच प्रस्तावाची पुढची गोष्ट सांगते, पण ती कागदांची नाही, कॉम्प्युटरची आहे.

आमच्या बचत गटांचा कॉम्प्युटर तयार विकत आणलेला नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने सुटे भाग आणले आणि आमच्या घरातच जोडून दिला. पैसे वाचले. फक्त अशा यंत्राला सगळ्याची मिळून एक वॉरंटी नसते. मदरबोर्डची पावती वेगळी, मेमरीची वेगळी, वीजपुरवठ्याच्या डब्याची, म्हणजे एसएमपीएसची वेगळी. त्या सगळ्या पावत्या मी गटाच्या फाइलमध्ये लावून ठेवल्या होत्या.

ऐन पावसाळ्यात आम्ही तो माझ्या घरून गटाच्या खोलीत हलवला. स्कूटीवर मी पुढे आणि आमच्या कोषाध्यक्ष काकू मागे, डबा मांडीवर घेऊन. रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे. शुक्रवारी संध्याकाळी तारा जोडल्या, बटण दाबलं, काहीच नाही. सोमवारी प्रस्ताव द्यायचा होता आणि सात गटांचे हप्ते, व्याज, सगळा हिशेब आतच. दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. ही चूक माझी.

शनिवारी सकाळी तालुक्याला दुकानात नेला. त्यांनी झाकण न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय ताई. सहा हजार लागतील, आठ दिवस ठेवून जा." काकू म्हणाल्या, "न बघता कसं कळलं हो?" आम्ही परत आणला. खरं सांगते, परत येताना मला धडधडत होतं. सहा हजार वाचवायला जावं आणि हिशेबच जावा, असं झालं तर बायकांना काय तोंड दाखवू?

दुपारी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आधी मला नीट सांग, काहीच होत नाही की पंखा फिरतो?" हा प्रश्न लक्षात ठेवा. कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. काहीच हालत नसेल तर वीज पोचत नाही. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर आतला एखादा भाग नीट बसलेला नाही किंवा बिघडलाय. आणि पडद्यावर अक्षरं दिसून पुढे अडत असेल, तर बहुतेक वेळा डिस्क किंवा विंडोजची भानगड.

आमचं तर काहीच हालत नव्हतं. भावाने डब्याच्या मागे बघायला लावलं. तिथे तार लावतो त्या जागेशेजारी एक छोटा खटका असतो, एका बाजूला रेघ, एका बाजूला शून्य. आमचा शून्यावर! नेताना हात लागून बंद झाला असणार. काकू इतक्या हसल्या की शेजारची मुलं बघायला आली.

खटका रेघेवर केला, पंखा फिरला. पण पडदा काळाच.

मग झाकण उघडलं. त्याआधी काय केलं ते सांगते. भिंतीतली पिन काढली आणि सुरू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पदर खोचला, बांगड्या वर सरकवल्या. नायलॉनची साडी असेल तर बदला, तिच्या घर्षणाने वीज तयार होते आणि तेवढीही नाजूक भागांना पुरते. भागांना हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा. आणि तो एसएमपीएस कधीच उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यात धक्का देण्याइतकी वीज राहू शकते.

आत दोन मोठ्या जोडण्या बघायच्या. एक चोवीस पिनांची रुंद, दुसरी प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांची. ही दुसरी सैल असली तर पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो. आमच्या दोन्ही घट्ट होत्या. पिन लावून पुन्हा चालू केलं, तर मदरबोर्डच्या कडेला बारीक दिवा लागून राहिलेला, शेजारी इंग्रजीत 'ड्रॅम' लिहिलेलं. भाऊ म्हणाला, "बघ, तोच सांगतोय. मेमरी." असे दिवे सगळ्या बोर्डांवर नसतात, आमच्यावर होते हे नशीब.

पुन्हा पिन काढली. मेमरीच्या दोन पट्ट्या काढल्या. सोनेरी कडा काळपट झाली होती, ती स्वच्छ खोडरबराने हलकी घासली, कोरड्या सुती कापडाने पुसली. आता घाई करायची नाही. एका वेळी एकच पट्टी, एकाच खाचेत, दोन्ही बाजूंनी कट् असा आवाज येईपर्यंत दाबून. प्रत्येक बदलाआधी पिन काढायची. काकूंनी वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला, हप्त्यांचा आखतात तसाच. पहिली पट्टी दोन्ही खाचांत चालली. दुसरी दोन्हींत नाही. म्हणजे खाचा ठीक, बोर्ड ठीक, फक्त एक पट्टी गेलेली. दोन्ही एकदम बदलत बसलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

पडदा उजळला, पण तारीख अनेक वर्षांपूर्वीची. त्यामुळे बँकेचं पानही उघडेना, सुरक्षित नाही म्हणे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर 2032 नावाचा, तो संपला होता. घड्याळाच्या दुकानात मिळाला. तारीख नीट केली, पान उघडलं.

रविवारी आधी सगळा हिशेब पेन ड्राइव्हवर घेतला, मग प्रस्ताव छापला. सोमवारी दिला. बिघडलेल्या पट्टीची पावती फाइलमध्ये निघाली, वॉरंटी अजून शिल्लक आहे, ती बदलून घ्यायला पाठवली आहे. तोवर एकाच पट्टीवर कॉम्प्युटर रडतखडत चालतोय, आणि पेन ड्राइव्ह काकूंच्या कपाटात आहे.