बांबू कुणाचा?



गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की धानोरा येण्याच्या थोडं आधी मेंढा-लेखा लागतं. गोंडांचं गाव, घरं शंभराच्या आसपास आणि भोवती जंगल. पर्यावरणपूरक राहणी म्हटली की आपण सौरचूल आणि गांडूळखत शोधायला लागतो. मेंढ्यात मात्र पाहावी ती ग्रामसभा.

गोष्ट बांबूची आहे. 1927च्या वन कायद्यानं बांबूला झाडांत बसवलं, म्हणून तो वनखात्याचा. गावानं घरापुरता, कुंपणापुरता घ्यायचा, विकायचा नाही. 2006च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे तो गोळा करायचा आणि विकायचा हक्क जंगलात राहणाऱ्यांचा. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्यांचं पुस्तक खात्याकडे. म्हणजे माल तुमचा, गाडी मात्र हलवायची नाही! अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. देशात हे पहिल्यांदाच घडत होतं.

हक्क मिळाला म्हणून सगळं तोडून विकलं, असं झालं असतं तर? बांबूचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण पक्का व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. कोवळे तोडले की बेटाचा जोर जातो. म्हणून जुने काढायचे, कोवळे राखायचे आणि पेराच्या जरा वर कापायचं, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. हे शास्त्र जंगलात राहणाऱ्याला नवं नाही. पण उद्या कुणीतरी दुसराच तोडून नेणार असेल, तर आज कोवळा कोण राखेल?

मेंढ्यात असे नियम ग्रामसभा ठरवते, आणि तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला. आपल्या सोसायटीत पाण्याची टाकी कधी धुवायची यावरही एकमत होत नाही, त्यामुळे हे ऐकून हसू येईल. वेळ जातो, हे खरंच. पण मतदानात हरलेला माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात जाऊ शकतो. ज्याच्या होकाराशिवाय नियमच झाला नाही, त्याला तसं करणं जड जातं. बैठकीआधी अभ्यासगटात कायदे वाचले जातात, शंका काढल्या जातात. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही सवय वर्षानुवर्षं जोपासली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

पुढं 2013मध्ये गावानं आणखी मोठं पाऊल उचललं. 1964च्या ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे द्यायची, असं ठरलं. कसणारं कुटुंब तेच, पीकही त्याचंच. जमीन मात्र एकट्याला परस्पर बाहेरच्याला विकता येणार नाही. स्वतःच्या सातबाऱ्याबद्दल असा होकार देण्याआधी किती बैठका झाल्या असतील, याची कल्पना शेती असलेल्या श्रोत्यांनीच करावी.