जुने दार : काढावे की राखावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कुणी लोणच्यांवर बोलते, कुणी भरतकामावर. मला चिटणीसबाईंनी सांगितले, "तुम्ही तुमच्या दारावर बोला." दारावर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण आपल्या वाईत जे जे वाडे पाडताना आपण पाहिले, तिथे आधी विकली गेली ती दारेच. जुन्या सागाला गिऱ्हाईक लगेच मिळते. आमच्याकडेही एक गृहस्थ गणेशपट्टीसकट चौकट मागायला दोनदा येऊन गेले. भाऊजींचे म्हणणे, देऊन टाकू आणि लोखंडी दार बसवू. त्यांचेही अगदीच खोटे नव्हते. पावसाळ्यात दार असे अडकायचे की सासूबाईंना एकट्यांना ते उघडत नसे. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. घरात त्या एकट्या असताना काही झाले तर? तेव्हा दार राखायचे तर ते म्हाताऱ्या हाताने उघडले पाहिजे, अशी अट पडली आणि आम्हांला एका वर्षाची मुदत मिळाली.

दार अडकले की आपण सुताराला बोलावतो आणि "रंधा मारून द्या" म्हणतो. भर पावसात हे कधी करू नये. लाकूड पाणी पिऊन रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. श्रावणात तासलेले दार दिवाळीनंतर सुकते आणि दोन फळ्यांमधून अंगण दिसू लागते. तासलेले लाकूड काही परत येत नाही. आमचे सुतारमामा जुन्या कामातले. त्यांनी रंधा पिशवीतून काढलाच नाही. आधी दार कुठे घासते ते पाहिले. घासत होते खाली, उंबऱ्याला. म्हणजे दार फुगले होते थोडे, पण खचले होते जास्त.

आपल्या जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात. कडेच्या लाकडालाच वर आणि खाली कुसू काढलेले असते, त्यावर दार फिरते. इतक्या वर्षांच्या उघडझापीने खालचे कुसू झिजले होते. उन्हाळ्यात चार माणसे लावून दार उतरवले, कुसवाला लोखंडी कडे घातले आणि खोबणीत पितळी चकती टाकली. दार दोन सूत वर आले. एवढेच.

दार उतरवलेच होते, तर वरच्या आणि खालच्या कडांना तेल पाजले. लाकूड सर्वांत जास्त पाणी तिथूनच पिते, आणि दार जागेवर असताना तिथे हात पोचत नाही.

चौकटीचा पाय मात्र कुजला होता. दाभण टोचून पाहिले तर मऊ जागी सहज आत जाई. याला कारण आपणच बायका! रोज सडा घालताना उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओततो. ओल्या फडक्याने पुसले तरी रांगोळी तितकीच छान उठते. कुजलेला तेवढाच भाग कापून, तिरका सांधा करून, जुन्याच सागाचा तुकडा बसवला, रेषा रेषेला जुळवून. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर मात्र नुसत्या झाडून भागत नाही. ती जमिनीतून येते, औषध तिथेच घालावे लागते.

आता रंग. आमच्या दारावर हिरव्या तेलरंगाचे थरावर थर होते. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो (आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा 2017 साली लागू झाली), म्हणून तो कोरडा घासू नये आणि जाळूनही काढू नये. पाणी मारून खरवडावा, मुलांना दूर ठेवावे, खरवड कागदात गोळा करावी. आम्हांला आठ दिवस लागले. खालून सागाचा रंग निघाला तेव्हा सासूबाई खुर्ची घेऊन समोर येऊन बसल्या.

वरून बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, थोडे टर्पेंटाइन घालून पातळ लावले. लावून पाव तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर चिकट राहते. पुन्हा सुकू द्यावे, पुन्हा हात द्यावा. एक गोष्ट नीट ऐका: त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवाव्या.

यंदाच्या श्रावणात सासूबाई एका हाताने दार उघडतात, दुसऱ्या हातात फुलांची परडी असते. भाऊजी अजूनही खर्चाचा आकडा काढतात, आणि खर्च झाला हे खरेच आहे. ते गृहस्थ तिसऱ्यांदा आले, त्यांना चहा दिला.

सुतारमामा उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत. ज्यांची दारे अडकतात त्यांनी घासते त्या जागी आजच खडूने खूण करून ठेवावी. लाकूड सुकल्यावर ती जागा शोधून सापडत नाही.