बांधावरचं लिंबू आणि आपला हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्याकडे नुसतं 'लिंब' म्हटलं की कडुलिंब समजतात. आज आम्ही बोलणार आहोत ते पोह्यांवर पिळतो त्या लिंबाविषयी, कागदी लिंबाविषयी. कापूस-ज्वारीच्या बैठकीत लिंबू कशाला? पावसाळ्यात झाडाखाली सडतं आणि उन्हाळ्यात आपणच बाजारातून विकत आणतो, म्हणून.

साल कागदासारखी पातळ, म्हणून नाव कागदी. शास्त्रज्ञांनी याचं कूळ शोधलं आहे. बाप आपलं महाळुंग आणि आई फिलिपाईन्सकडची एक रानटी जात. या संकराचं वाण अरब व्यापाऱ्यांनी पश्चिमेला नेलं. तिकडं त्याला मेक्सिकन लिंबू म्हणतात. रस भरपूर, वास तेज, आंबटपणा कडक. लोणच्याला म्हणूनच हे चालतं.

याचा एक गुण आपल्या कामाचा आहे. एका बीतून अनेक रोपं उगवतात आणि त्यांतली बहुतेक हुबेहूब आईसारखी निघतात. बिनजोमाची, वेगळी दिसणारी रोपं उपटून टाकली की झालं. बी मात्र ताजं लावायचं, वाळलं की उगवत नाही.

आम्ही शेतकीची पदवी घेतली, तरी हे विसरलो. एका रोपवाटिकेतून कलमं आणली, पाच वर्षं पाणी घातलं. फळं आली ती जाड सालीची, खरबरीत जंभेरी! कलम कधीच मेलं होतं, खालचा खुंट वाढला होता. जोडाखालची फूट वेळीच काढली असती, तर ही पाळी आली नसती.

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं प्रमालिनी, विक्रम आणि चक्रधर या जाती दिल्या. प्रमालिनीला ३ ते ७ फळांचे घोस येतात. रस ५७ टक्के, साध्या कागदीत ५२. विक्रमचे घोस ५ ते १० फळांचे. चक्रधरला काटा नाही, बीही नाही. म्हणून त्याचं कलमच घ्यावं लागतं.

आता पैशाचं. भाव असतो उन्हाळ्यात. त्यासाठी हस्त बहार धरायचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं यायला हवीत. त्याआधी झाडाला ताण हवा, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस असतो. भारी काळी जमीन ओल सोडत नाही. ताण बसत नाही, वर मुळं कुजतात, खोडाला डिंक्या लागतो. म्हणून लिंबू निचऱ्याच्या मध्यम जमिनीतच लावा. फळं पोसायला उन्हाळ्यात पाणी लागतं. ज्याची विहीर फेब्रुवारीत तळ गाठते, त्यानं बागेच्या नादी लागू नये.

पानाफळांवर खरबरीत तपकिरी ठिपके दिसले तर तो खैऱ्या. रोगट फांद्या छाटून जाळा, बोर्डो मिश्रण फवारा. नागअळी आवरा, कारण तिच्या जखमांतूनही हा रोग शिरतो.

तेव्हा पऱ्हाटी मोडून लिंबाची बाग लावा, असं आम्ही सांगणार नाही. विहिरीजवळ पाच झाडं लावा, गावातल्या सर्वांत चांगल्या, निरोगी झाडाचं बी घेऊन. चार-पाच वर्षांत आपली जमीन, आपलं पाणी आणि आपला बाजार काय म्हणतो ते कळेल. मग एकराचा विचार करू. कर्ज काढून शिकण्यापेक्षा पाच झाडांवर शिकलेलं बरं.