उपग्रहाची मोजणी आणि बांधाचा दगड
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



जमीनमोजणीच्या नव्या साधनांविषयी आम्ही चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी समितीची आज्ञा झाली. आम्ही जन्मभर मुलांना भूमिती शिकविली. मोजणी हा आमचा व्यवसाय नव्हे. तथापि आपल्यांतील बहुतेक कुटुंबांची गावी थोडीबहुत जमीन आहे. जेथे जमीन तेथे बांध आला, आणि जेथे बांध तेथे बहुधा वादही आला. तेव्हा हा विषय परका मानून चालणार नाही.

प्रथम जुनी पद्धत पाहू. आपल्या वाडवडिलांच्या जमिनी शंकू-साखळीने मोजल्या गेल्या. साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग १६ आणे. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या साखळीचा एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक अंतर होय. ऊन, पाऊस व काटेकुटे सोसून त्या लोकांनी जे काम केले ते थोर होते. परंतु त्यांच्या टिपणांतील अंतरे अशा मापाने लिहिलेली आहेत.

आज मोजणीदार काठीवर छत्रीच्या मुठीएवढे यंत्र बसवून शेतात येतो. त्यास रोव्हर म्हणतात. ते आकाशातील उपग्रहांचे संदेश ऐकते. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रशिया, युरोप व चीन यांचेही उपग्रह आहेत, आणि आपल्या देशाने आपल्या मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. प्रत्येक उपग्रहात अत्यंत बिनचूक घड्याळ असते व तो आपली वेळ सतत सांगत राहतो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर या गतीने, आपणांपर्यंत येतो. त्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते, आणि चार उपग्रहांची अंतरे कळली की आपण कोठे उभे आहोत हे ठरते.

येथे कोणी म्हणेल, हे तर आमच्या खिशातील फोनही सांगतो! खरे आहे, परंतु फोनचे उत्तर उघड्या माळावरही काही मीटरांनी चुकते. संदेश वातावरणातून येताना रेंगाळतो, उपग्रहाच्या घड्याळात व कक्षेत बारीक फरक असतो, भिंतीवरून आपटून आलेला संदेश फसवितो. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली, तरी अंतरात ३० सेंटिमीटरांचा फरक पडतो. रस्ता शोधण्यास तीन मीटरांची चूक चालेल. पण गुंठ्याची बाजूच मुळी दहा मीटर! तेव्हा फोनने शेताचे क्षेत्र काढून जमिनीचा सौदा करू नये, हे आमचे पहिले सांगणे.

ही चूक दूर कशी करतात, यातच नव्या पद्धतीचे मर्म आहे. ज्याचे स्थान अगोदरच अत्यंत काळजीपूर्वक ठरविलेले आहे, अशा जागी एक यंत्र कायमचे बसवितात. तेही तेच उपग्रह ऐकते. आपण वास्तविक कोठे आहोत हे त्यास ठाऊक असल्यामुळे, उपग्रहाच्या संदेशात या क्षणी किती चूक आहे हे त्यास कळते. आसपासच्या आकाशातून येणाऱ्या संदेशांत चूक जवळजवळ तीच असते. म्हणून ही दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यावरून शेतातील रोव्हरकडे क्षणोक्षणी पाठवितात. रोव्हर संदेशाच्या लहरीच मोजतो. त्यांतील एक लहर केवळ १९ सेंटिमीटर लांब असते. पुऱ्या लहरींचा हिशेब जुळला की, उत्तर एक-दोन सेंटिमीटरांच्या आत येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रासह देशभर अशी केंद्रे उभारली आहेत. त्यांस कॉर्स म्हणतात. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते, तिलाही या केंद्रांचा आधार मिळतो.

आता मुख्य मुद्दा. यंत्र दोन सेंटिमीटरांचे, आणि जुने टिपण दोन फुटांच्या आण्याचे! मग यंत्राने बांधाचा वाद मिटेल काय? आमच्या पाहण्यातील एक हकीकत सांगतो.

दोन चुलतभाऊ चार फुटांच्या पट्ट्यावरून नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. वकिलांस दिलेला पैसा त्या पट्ट्याच्या किमतीहून अधिक झाला होता. घरातल्या मुलीच्या लग्नातही एकाने दुसऱ्याच्या मांडवात पाऊल टाकले नाही. अखेर मोजणीचा अर्ज झाला व रोव्हर आला. दोघांसही वाटले, आता आकाशच आपल्या बाजूने साक्ष देणार! परंतु मोजणीदार सुज्ञ होता. तो म्हणाला, "काका, हे यंत्र तुम्ही कोठे उभे आहात ते सांगेल, तुमची जमीन कोठे संपते ते सांगणार नाही. ते जुन्या कागदाने आणि जुन्या दगडानेच ठरायचे. दगड दाखवा."

दगड कोणासच ठाऊक नव्हता. तेव्हा त्यांच्या वृद्ध चुलतीस आणले. तिने लिंबाखाली काठी टेकून सांगितले, "इथं खणा. मी नवी नवरी असताना सासऱ्यांनी मला हा दगड दाखविला होता." हातभर खणल्यावर दगड लागला. त्यावरून व शेजारच्या गटांच्या खुणांवरून नकाशा बसविला, तेव्हा असे आढळले की, वरच्या टोकाला बांध एकाच्या बाजूस सरकला होता, तर खालच्या टोकाला दुसऱ्याच्या. नांगराच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर दोघांनीही थोडे घेतले होते, आणि दोघांचेही थोडे गेले होते! दोघे खाली मान घालून उभे राहिले. त्या दिवशी चहा मात्र एकाच घरी झाला.

यावरून आम्हांस जे सुचते ते थोडक्यात सांगतो. टिपण, गटाचा नकाशा व पोटहिश्शाचे कागद यांच्या नकला आजच काढून ठेवा. हद्दीचा दगड कोणीही हलवू नये. घरातील वृद्धांकडून तो मुलांस व सुनांस दाखवून घ्यावा. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यांसही आवर्जून बोलवा. यंत्राने 'फिक्स' दाखविले की 'फ्लोट', हे निःसंकोच विचारा. 'फ्लोट' म्हणजे लहरींचा हिशेब अद्याप जुळलेला नाही, ते माप धरू नये. दाट झाडाखाली वा उंच भिंतीलगत या यंत्राचा भरवसा कमी. तेथे दुर्बिणीच्या यंत्राने मोजणे बरे. मोजणी झाल्यावर 'क' प्रत घेऊन जपून ठेवा. आणि आपल्या तरुणांनी ही विद्या अवश्य शिकावी. भूमिती व सचोटी या दोहोंची जोड ज्याच्यापाशी आहे, त्यास या धंद्यात मान आहे व भाकरीही आहे.

भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे कार्य १८०२ साली मद्रासजवळ आरंभणारे विल्यम लॅम्बटन हे १८२३ साली आपल्या विदर्भात, हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच निवर्तले. त्यांच्या काळी पहिली रेषा साखळीने मोजूनच पुढचे सारे त्रिकोण उभे राहिले. आज साखळी गेली, उपग्रह आले; पण एक तरी बिंदू पक्का असावा लागतो, हा नियम बदललेला नाही.

ते दुरुस्ती-केंद्र आपली जागा सोडत नाही, आणि स्वतःच्या मापात आलेली चूक न लपविता सर्वांस सांगते. म्हणूनच दूरच्या शेतातील माप बिनचूक येते. प्रत्येक कुटुंबात असे एखादे माणूस असेल, तर बांधाचे वाद न्यायालयापर्यंत जाणार नाहीत. ते माणूस आपण व्हावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.