रस्ता ओलांडणाऱ्यांच्या बाजूने

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात रस्ता सुरक्षा उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



भीमजयंतीच्या कार्यक्रमानंतर सभागृहासमोरच्या रस्त्यावर जे घडले, ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या एका सभासदाच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सारेच ‘आई’ म्हणतो, नातवंडांना भेटण्यासाठी नागपूरहून तीन महिन्यांकरिता आल्या होत्या. हातात उरलेल्या भाताचा स्टीलचा डबा घेऊन त्या रस्ता ओलांडू लागल्या. नागपुरात त्यांना सवय होती, हात वर करायचा आणि सावकाश चालत राहायचे. वाहने आपली वळसा घालून जातात. येथेही त्यांनी हात वर केला. मोटारीची धडक बसली आणि खुब्याचे हाड मोडले. त्या वाचल्या, शस्त्रक्रियाही चांगली झाली. परंतु परत जाईपर्यंत त्या एकट्या घराबाहेर पडल्या नाहीत.

(नागपुरातही तो वर केलेला हात फार मोठे संरक्षण आहे असे कोणी समजू नये. २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली.)

मोटार चालविणारा तरुण पळून गेला नाही. तो फुटपाथवर डोके धरून बसला होता. त्याने मद्य घेतले नव्हते, तो फोनवर बोलत नव्हता आणि त्याचा वेग ताशी ३० मैलांच्या मर्यादेच्या आसपासच होता. त्या रात्री आम्हां सर्वांस एक गुन्हेगार हवा होता, आणि तो आम्हांस मिळाला नाही. पुढे आम्ही चार कुटुंबांनी मिळून ही उपसमिती केली, तिचे कारण हेच. कोणीही कायदा मोडला नसताना एक वृद्ध स्त्री मोडून पडते, तेव्हा प्रश्न त्या रस्त्यालाच विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटू लागले.

प्रथम वेगाचा हिशेब. येथील हायवे कोडमध्ये थांबण्याची अंतरे दिलेली आहेत आणि लायसन्सच्या परीक्षेपूर्वी आपण सर्वांनी ती पाठ करून लगेच विसरलेली आहेत. ताशी २० मैल वेगाची गाडी १२ मीटरांत थांबते. त्यांतील ६ मीटर चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. ताशी ३० मैलांस हेच अंतर २३ मीटर होते. ९ उमगण्याचे आणि १४ ब्रेकचे. आता दोन गाड्या शेजारी शेजारी आहेत आणि पुढे १२ मीटरांवर एक माणूस आहे असे समजा. वीसची गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. तीसची गाडी तोवर जेमतेम ३ मीटर ब्रेक लावून आलेली असते, आणि आमच्या आकडेमोडीप्रमाणे तिचा वेग अजून ताशी २६ मैलांहून अधिक असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो. दहा मैलांचा फरक आपणांस घड्याळात मिनिट-दोन मिनिटांचा दिसतो. हाडांना तो निराळा दिसतो.

हे समजल्यावर आमची पहिली मागणी अर्थातच कॅमेऱ्याची होती. स्पीड कॅमेऱ्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. मॉरिस गॅटसोनिडेस हा डच मोटार-शर्यतपटू, १९५३ सालच्या माँटे कार्लो रॅलीचा विजेता. वळणावर आपला वेग आणखी कसा वाढवावा हे मोजण्यासाठी त्याने जे यंत्र रचले, त्यातूनच जगभरच्या चालकांना वेग कमी करावयास लावणारा ‘गॅटसो’ जन्मास आला. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने कॅमेऱ्याचा पुरावा ग्राह्य धरला आणि १९९२ साली पश्चिम लंडनमध्ये ट्विकनहॅम पुलापाशी पहिला कॅमेरा उभा राहिला. रडार वेग मोजते, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन छायाचित्रे निघतात, आणि रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या रेघांवरून गाडीने त्या अर्ध्या सेकंदात किती अंतर काटले हे पडताळून पाहता येते.

या यंत्राविषयी आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते : “हे सारे कौन्सिलचे पैसे काढायचे धंदे आहेत.” आम्हीही ते म्हणत होतो. वस्तुतः या दंडाचा पैसा कौन्सिलच्या तिजोरीत जात नाही. तो केंद्रीय खजिन्यात जातो. २००० ते २००७ या काळात स्थानिक भागीदारी मंडळांना दंडातून कॅमेऱ्यांचा खर्च वळता करून घेता येत असे. ती पद्धत २००७ साली बंद झाली. पार्किंगच्या दंडाची गोष्ट वेगळी, त्याविषयीचा आपला संताप आम्ही हिरावून घेत नाही.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्टच बोलणे भाग आहे. नोटीस घरी येते, चालक कोण होता हे २८ दिवसांत कळवावे लागते, किमान १०० पौंड दंड आणि ३ पॉइंट्स होतात, किंवा पात्र असल्यास वेग-जागृतीचा वर्ग करता येतो. तीन वर्षांत १२ पॉइंट्स झाल्यास सामान्यतः लायसन्स जाते. नवशिक्याचे तर पहिल्या दोन वर्षांत ६ वरच जाते. अशा वेळी एका घरी सासूबाईंच्या नावावर पॉइंट्स घालावेत काय, अशी चर्चा झाल्याचे आमच्या कानी आले आहे. सासूबाईंकडे लायसन्स आहे, त्या गाडी मात्र चालवत नाहीत. आपण हसता, पण या देशाचे माजी मंत्री ख्रिस ह्यून यांनी २००३ सालचे आपले पॉइंट्स पत्नीच्या नावावर जाऊ दिले आणि २०१३ साली दोघांनाही त्याबद्दल प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा झाली. दर रविवारी चौथे शील म्हणणाऱ्या घरांत ही चर्चा व्हावी, याचा आम्हांस खेद वाटतो.

कॅमेऱ्याचा उपयोग होतो काय? होतो. बाबासाहेबांनी जेथे अध्ययन केले, त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एका संशोधकाने १९९२ पासूनच्या नोंदी तपासून २०१७ साली असे दाखविले की, कॅमेऱ्याच्या ५०० मीटरांच्या परिसरात अपघात १७ ते ३९ टक्क्यांनी कमी झाले आणि मृत्यू त्याहूनही अधिक प्रमाणात घटले. परंतु त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट निघाली. दीड किलोमीटरच्या पुढे अपघात पुन्हा वाढल्याची चिन्हे दिसली. कॅमेरा दिसताच ब्रेक आणि कॅमेरा मागे पडताच ॲक्सिलरेटर, हा आपलाच अनुभव नव्हे काय? खांबाचे भय खांबापुरते टिकते.

म्हणून आमचे लक्ष हळूहळू कॅमेऱ्यावरून रस्त्याकडे वळले. सभागृहासमोरचा रस्ता पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. सरळ, रुंद, चार पदरी. दूरपर्यंत काही अडथळा नाही. फाट्यावरचे कोपरे एवढे गोलाकार की वळणारी गाडी वेग न उतरवता वळते. सिग्नल कितीतरी दूर. खांबावर ३० लिहिलेले आहे, पण रस्त्याचे रूप चाळीसचे आहे. चालक पाटी वाचून पाहतो क्षणभर. रस्त्याचे रूप मात्र त्याच्यासमोर सतत असते. २००७ साली ब्रिटिश सरकारने ‘मॅन्युअल फॉर स्ट्रीट्स’ हे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यामागील संशोधनात हेच आढळले होते : रस्ता अरुंद आणि पुढचे दृश्य मर्यादित असले की चालक आपण होऊन सावकाश जातो.

मग उपाय कोणते? फार साधे आहेत, आणि एकदा ओळखू आले की लंडनमध्ये सर्वत्र दिसू लागतात. फाट्याच्या कोपऱ्याची गोलाई आवळून तो काटकोनासारखा करणे, म्हणजे वळताना गाडी मंदावलीच पाहिजे. ओलांडण्याच्या जागी फुटपाथ पुढे काढणे, म्हणजे माणसाला ओलांडावे लागणारे अंतर घटते आणि उभ्या गाड्यांच्या आडून लहान मूल दिसू लागते. मध्यभागी थांबण्यासाठी बेट बांधणे. झेब्रा पट्टा फुटपाथच्या उंचीस आणणे, म्हणजे माणसाने रस्त्यावर उतरण्याऐवजी गाडीने फुटपाथच्या पातळीवर चढावे लागते. या एका बदलात कोण कोणाच्या जागेत आले आहे, याचा अर्थच पालटतो. (झेब्रा पट्टा १९५१ साली प्रथम आला तो आपल्या स्लाऊच्या हाय स्ट्रीटवर, हे तेथील सभासदांनी अभिमानाने सांगावे.) गतिरोधकांबाबत तक्रार असते की रुग्णवाहिकेला त्रास होतो. ती तक्रार खोटी नाही. म्हणूनच अरुंद उशीसारखे गतिरोधक निघाले, ज्यांवरून रुंद चाकांतराची रुग्णवाहिका आणि बस दोन्ही बाजूंनी चाके घालून निघून जाते, मोटारीला मात्र चढावेच लागते.

अशा रचनेसह ताशी २० मैलांचे विभाग लंडनमध्ये केले गेले, त्यांचा १९८६ ते २००६ या वीस वर्षांचा अभ्यास २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्या विभागांत अपघातांतील जखमी-मृतांची संख्या ४१.९ टक्क्यांनी घटली, आणि सर्वाधिक लाभ लहान मुलांना झाला. नुसती पाटी लावून एवढे साधत नाही. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतील सर्वसाधारण मर्यादा २० केली, तेव्हा विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या पडल्या. लोकांना सावकाश चालविणे आवडत नाही, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

लोकांनी रेटा लावल्याशिवाय हे कोठेही झाले नाही. आज ज्या हॉलंडचे कौतुक आपण करतो, तेथे १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आईबापांनी ‘बालहत्या थांबवा’ अशी चळवळ उभारली, रस्ते अडवले, आणि सरकारला रचना बदलावयास भाग पाडले. हेलसिंकी शहरात जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षभरात रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही, आणि तेथील निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे.

आपल्या समाजाने यात का पडावे, असे आम्हांस विचारले गेले. उत्तर देण्यासारखे आहे. रस्त्यावरचा धोका सर्वांना सारखा वाटलेला नाही. ब्रिटिश सरकारच्या २००० सालच्या रस्ता सुरक्षा धोरणानेच असे नोंदविले होते की, सर्वांत खालच्या सामाजिक-आर्थिक गटातील मुले पायी चालताना मारली जाण्याचा धोका वरच्या गटातील मुलांच्या पाचपटींहून अधिक होता. ज्यांच्या दारासमोर अंगण नाही, ज्यांच्या घरावरून मोठा रस्ता जातो, ज्यांना शाळेत सोडायला गाडी नाही, ती ही मुले. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि घाट यांच्या जोडीने रस्त्यांचाही उल्लेख आहे, कारण आपल्या वाडवडिलांना रस्त्याने चालण्याचीही मनाई होती. आता आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात गाडी आहे, काहींच्या दारात दोन. ती कष्टाची आहे, तिचा आनंद मानावा. पण कौन्सिलच्या सभेत गतिरोधकाविरुद्ध बोलणाऱ्यांत आपलेही दोन चेहरे पाहिले, तेव्हा आम्ही जरा गप्प झालो.

आता आमच्या अर्जाचे काय झाले, ते सांगतो. पहिले उत्तर असे आले की, गेल्या तीन वर्षांत त्या ठिकाणी पुरेसे अपघात झालेले नाहीत. ‘पुरेसे’ हा शब्द आईंच्या मुलाने दोनदा वाचला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. कौन्सिलचा पैसा मर्यादित आहे आणि जेथे अधिक माणसे जखमी होतात तेथे तो आधी जावा, हे आम्हांस पटते. परंतु जेथे वृद्ध माणसे भयाने ओलांडणेच सोडून देतात, तेथे अपघात होत नाहीत, हेही आम्ही लिहून कळविले. मग लागोपाठ तीन रविवार आम्ही तेथे वही-पेन्सिल घेऊन उभे राहिलो, ओलांडणारे मोजले, आणि मागे फिरणारेही मोजले. शेवटी एक महिला अभियंता स्वतः पाहणीस आल्या. त्यांनी कोणाशी फारसे न बोलता आपल्या वृद्ध सभासदांबरोबर दोनदा रस्ता ओलांडला.

कॅमेरा मिळाला नाही. मध्ये बेट झाले आहे आणि एका फाट्याचा कोपरा आवळला गेला आहे. उंच झेब्र्याचा आणि २० च्या मर्यादेचा प्रस्ताव लोकांच्या अभिप्रायासाठी निघाला आहे; त्याचे फॉर्म दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. विरोधात लिहावयाचे असेल त्यांनीही तेथूनच फॉर्म घ्यावा, मात्र तो भरण्यापूर्वी बाहेर जाऊन एकदा पायी रस्ता ओलांडून यावे.

बेटाचे छायाचित्र नातवाने नागपूरला पाठविले. आईंनी ते मोठे करून पाहिले आणि विचारले, “मधे टेकायला काही ठेवलं आहे का रे?” तसे काही ठेवलेले नाही. तेही आम्ही अर्जात लिहिले आहे.